सव्विसावा जोर

एकोणीस वर्षांनी मी गावच्या तालमीत पाऊल टाकले तेव्हा लंगोट नवा घ्यावा लागला. लाल मातीत मुरलेल्या तेलाचा आणि ताकाचा तो आंबूस वास मात्र जुनाच होता, आणि त्या वासानेच माझा घात केला असे मला आजही वाटते. वय त्रेचाळीस, उंची 170 सेंटिमीटर, वजन 91 किलो. तालीम सुटली त्या वर्षी हेच वजन 68 होते. हे सगळे विसरून, वस्तादांना न विचारता, मी कोपऱ्यात उभा राहिलो आणि शंभर बैठका मारल्या. विशीत मी पाचशे मारत असे. त्या मानाने शंभर म्हणजे मातीला नुसता नमस्कार, असा माझा हिशेब होता.

त्या सकाळी काहीच झाले नाही. तिसऱ्या दिवशी बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीच्या कचेरीतून, जिथे मी खरेदीचे हिशेब पाहतो, जिना उतरताना मला कठडा धरून पाठमोरे उतरावे लागले आणि खालच्या वॉचमनने मला पाणी आणून दिले. डॉक्टरांनी सांगितले की सवय नसलेल्या व्यायामानंतरचे दुखणे पहिल्या एक ते तीन दिवसांत सर्वाधिक असते, त्यात विशेष काही नाही. पण लघवी काळ्या चहासारखी गडद झाली असती, तर मात्र क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे लागले असते, कारण अति ताणाने स्नायू फुटले की त्यांतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा करतात. माझे तेवढे झाले नाही, हे नशीब.

बराच खंड पडल्यावर माणसाला आळस आडवा येतो असे म्हणतात. मला आठवण आडवी आली. जुना आकडा डोक्यात पक्का बसलेला होता आणि गुडघ्यांना त्याची काहीच खबर नव्हती. यामागचे कारण मला नंतर समजले. पूर्वी कमावलेला स्नायू पुन्हा लवकर भरतो. वाढलेल्या स्नायुतंतूंतील केंद्रके मेहनत थांबल्यावरही दीर्घकाळ टिकतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. परंतु स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा फार सावकाश बळकट होतात. त्यामुळे तीन आठवड्यांत मांडीला जोर आल्यासारखे वाटते, आणि नेमक्या त्याच सुमारास गुडघ्याची वाटी धरते.

वजन वाढले कसे, हे सांगताना मला थोडे लाजल्यासारखे होते. मेहनत सुटली, खुराक सुटला नाही. तालमीच्या दिवसांत म्हशीचे दूध, तूप, बदाम घालून घोटलेली थंडाई आणि रविवारचे मटण हे सारे अंगात जिरत असे. नोकरी लागल्यावर आईने ते तसेच चालू ठेवले, कारण तिच्या दृष्टीने मी पैलवानच होतो. त्यात गोकाककडील एक सहकारी गावाहून येताना करदंट आणतो, आणि डिंक, गूळ व सुकामेव्याचा तो तुकडा पौष्टिक म्हणून मी दोनदा घेतो. बेळगावात राहून कुंदा या इथल्या दुधाच्या मिठाईला नाही म्हणणे हा तर निराळाच विषय आहे. हिशेबनीस असल्यामुळे मी एकदा कागदावर मांडून पाहिले: एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी धरल्या, तर 23 किलोंची वाढ एकोणीस वर्षांत वाटली असता दिवसाला जेमतेम पंचवीस कॅलरी जादा येतात, म्हणजे अर्धा चहाचा चमचा तूप. शरीर खतावणीइतके सरळ चालत नाही. जड झालेला देह खर्चही अधिक करतो, तेव्हा खाणे त्याहून बरेच जास्त झाले असणार. तरीही तो आकडा पाहून मी गप्प बसलो.

भारतीयांसाठी पुरुषाच्या कमरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या वर गेला की धोका धरतात. माझा 106 होता. आता तूप एका चमच्यावर आले आहे, रात्रीचा भात निम्म्यावर, आणि डाळ, अंडी, ताक यांत कपात केलेली नाही. आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम हवा, हे जागतिक आरोग्य संघटनेचे माप मी टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत चालून भरून काढतो. एकेकाळी तिथे देवीची लस तयार होत असे. आता पहाटे मफलर गुंडाळलेले निम्मे टिळकवाडी तिथे भेटते आणि चालण्याहून अधिक बोलते.

पण खरी गोष्ट तालमीतलीच. गुडघा बरा झाल्यावर मी परत गेलो, तेव्हा वस्तादांनी बैठकांचे नावच काढू दिले नाही. सत्तरीतला तो माणूस माझ्याकडे न पाहताच म्हणाला, “हे काय करून बसलास रे बा? घे फावडे.” हौद, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, खणणे हे नव्या पोरांचे काम. मी चाळिशी ओलांडलेला, बारा-चौदा वर्षांच्या मुलांबरोबर वाकून माती उकरू लागलो. दहा फावड्यांत धाप लागत असे. माती दाबून बसलेली असते. फावडे तिरपे घालून ढेकूळ उलटायचे, फोडायचे, पुढे सरकायचे, आणि कंबर, खांदे, मांड्या यांपैकी कोणालाच सुट्टी नाही. मुले हसत नसत, हे आणखी वाईट होते. ती मला ‘काका’ म्हणत आणि माझ्या वाट्याची ढेकळे गुपचूप फोडून टाकत.

पावसाळ्यात चालणे मोडले, गणपतीत मोदकांनी डाव साधला, आणि दोन महिने काटा 84 वर खिळून राहिला. मात्र त्याच काळात पट्ट्याचे एक भोक मागे गेले, म्हणून मी धीर सोडला नाही. दसऱ्यानंतर राजहंसगडावर पायी गेलो आणि सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत एकदाच थांबलो. आज नऊ महिन्यांनी वजन 81 आणि घेर 95 आहे.

गेल्या रविवारी वस्तादांनी माझ्या हातातले फावडे काढून एका पोराला दिले आणि मला हौदाच्या कडेला उभे केले. “आज जोर मार. पंचवीस. सव्विसावा मारलास तर उद्यापासून पुन्हा फावडे.” पंचविसाव्याला दंड थरथरत नव्हते, आणखी दहा सहज निघाले असते. मी उठलो, अंगावरची माती झटकली आणि सदरा घातला.