दोनशे दहा की दीडशे

कोल्हापुरात पॅराशूटचं काम कुठं करता, असं कुणी विचारलं की मी सांगतो, मंगल कार्यालयात. लोकांना गंमत वाटते. पण रिझर्व्ह, म्हणजे जीव वाचवायचं राखीव पॅराशूट, पॅक करायला लांबलचक, स्वच्छ, गुळगुळीत फरशी लागते, पंखे बंद ठेवावे लागतात आणि नायलॉनवर उन्हाची तिरीप चालत नाही. घरात एवढी जागा कुणाकडं असते? म्हणून राजारामपुरीतल्या एका ओळखीच्या कार्यालयाचा हॉल, लग्नाची तिथी नसेल तेव्हा, मी भाड्यानं घेतो. वर्षातले काही महिने परदेशात ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्यांच्या तळावर, शिकवणं आणि रिगरचं, म्हणजे पॅराशूट तपासून पॅक करायचं, काम, बाकी गावाकडं. त्याआधी फौजेत होतो.

त्या दिवशी पितृपंधरवडा चालू होता, म्हणजे हॉल आपलाच. पाऊस सरत आला की उड्या मारणाऱ्यांना सीझनची आठवण होते. इचलकरंजीचा एक पोरगा रिग, म्हणजे पाठीवरचा पॅराशूटचा सगळा संच, घेऊन आला, सोबत वडील, अण्णा. घरचे माग आहेत. पोरानं थायलंडला जाऊन स्कायडायव्हिंगचा कोर्स केला, पुढं तिथल्या आणि हरयाणात नारनौलच्या मिळून एकशे अठरा उड्या झाल्या होत्या. अंग पैलवानी, वजन शहाऐंशी किलो.

"दादा, रिझर्व्ह रिपॅक करायचाय. आणि मेन काढून ही बसवायची," असं म्हणत त्यानं खोक्यातनं दुसरी कॅनोपी, म्हणजे पॅराशूटचं हवेत पसरणारं कापड, काढली. सेकंडहँड, दीडशे चौरस फुटांची, टोकांकडं निमुळती होत गेलेली. परदेशातल्या कुणाकडनं स्वस्तात मिळाली होती. आत्ताची त्याची मेन, म्हणजे नेहमी उघडायची कॅनोपी, दोनशे दहाची, साधी, टोकांना चौकोनी.

"का बदलायची?"

"हळू चालते दादा. मजा संपली तिची. आणि वारा असला की जागेवरच उभी राहते. माझ्याबरोबर शिकलेले सगळे एकशे सत्तरवर गेलेत."

यातलं वाऱ्याचं कारण खोटं नाही. मोठ्या कॅनोपीवर कमी वजन टांगलं तर जोराच्या वाऱ्यात ती पुढं सरकत नाही, कधी मागंही जाते. लहान कॅनोपी वारा कापत जाते. मी स्वतः लहान कॅनोपीवर उडतो, तेव्हा मोठीवरच राहा असा उपदेश मी कुणाला करत नाही. पण 'सगळे गेलेत' हे कारण मला अजिबात मान्य नाही.

नाही म्हणण्याआधी मी रिग उघडली. रिझर्व्हचं काम होतंच. कंटेनर, म्हणजे दोन्ही पॅराशूट मावणारी पाठीवरची पिशवी, पालथा घातला तर खालचा उजवा कोपरा खरवडलेला. कापडाचा वरचा थर गेलेला आणि शिवणीत माती घट्ट बसलेली. उजव्या मांडीचा पट्टाही तसाच. डावी बाजू जवळजवळ नवी. मग माझं लक्ष दाराकडं गेलं. कार्यालयात चपला-बूट बाहेर काढायची रीत. पोराचे उड्यांचे बूट तिथंच होते, आणि उजव्या बुटाची बाहेरची कड घासून पांढरी पडली होती.

"उतरतानाचे व्हिडिओ आहेत काय?"

होते. मोबाईलवर एकामागून एक बघितले. फ्लेअर करताना, म्हणजे दोन्ही हातांनी ब्रेक ओढून वेग मारताना, जमीन जवळ आली की त्याचा उजवा हात आधाराला म्हणून खाली आणि बाहेर जायचा. पडायची भीती वाटली की कुणाचाही हात असाच जातो. पण त्या हातात टॉगल, म्हणजे ब्रेकची मूठ, असतो. उजवा टॉगल डाव्यापेक्षा जास्त ओढला की कॅनोपी उजवीकडं वळते, आणि माणूस ज्या बाजूला पडायला घाबरत होता त्याच बाजूला पडतो. मऊ मैदान, समोरून एकसारखा वारा आणि दोनशे दहा फूट कापड, म्हणून पठ्ठ्या उठून हसत कपडे झटकत होता.

"ह्यात काय बिघडलं? उभा नाही राहिलो, पण लागलं कधीच नाही."

मी कॅल्क्युलेटर काढला. शहाऐंशी किलो तो आणि साधारण बारा किलो साहित्य, म्हणजे अठ्ठ्याण्णव किलो, २१६ पौंड. भागिले कॅनोपीचे चौरस फूट, म्हणजे विंग लोडिंग. २१० वर १.०३ येतं, १९० वर १.१४ आणि १५० वर १.४४. कॅनोपी शिकवणाऱ्यांत एक ढोबळ हिशोब चालतो: सुरुवातीला १.० च्या वर जायचं नाही, नंतर दर शंभर उड्यांमागं ०.१ वाढवायचं. त्या हिशोबानं हा १.१ च्या आसपास हवा. १९० सुद्धा जरा पुढंच जाते. नेदरलँड्ससारख्या देशांत उड्यांच्या संख्येवर कॅनोपी ठरवणारे तक्ते सक्तीचे आहेत. आपल्याकडं ते रिगरनं हात आखडता घेण्यावर चालतं.

वडील इतका वेळ गप्प होते. त्यांनी दीडशेच्या कापडाची कड चिमटीत धरली, चौकड्यांचं विणकाम उजेडासमोर धरून बघितलं, पन्ना किती असतो विचारलं. मग म्हणाले, "कापड ह्यातलं नि त्यातलं सारखंच. वजन पण तेवढंच. मग कमी कापडाला जास्त पळावं लागणार की ओ."

अण्णांनी अख्खा विषय एका वाक्यात संपवला. उचलण्याचं बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून तेच वजन कमी कापडावर टाकलं की वेग वाढतो. २१० वरून १५० म्हणजे वेग सुमारे अठरा टक्क्यांनी जास्त. आणि आदळलं तर अंगावर येणारी ऊर्जा चाळीस टक्क्यांनी जास्त. शिवाय लहान कॅनोपीच्या लाइन्स, म्हणजे दोऱ्या, आखूड असतात, त्यामुळं ती वळायला चपळ होते, आणि वळताना जी उंची जाते ती फार झपाट्यानं जाते. म्हणूनच नुसतं विंग लोडिंग बघून भागत नाही. पन्नास किलोची मुलगी १३५ वर १.० येते, पण तिची कॅनोपी २१० वर १.० असणाऱ्या आडदांड माणसापेक्षा कितीतरी तिखट असते. हलक्या मुलींना 'तुझं लोडिंग कमीच आहे' म्हणून लहान कॅनोपी गळ्यात मारणारे लोक मी बघितलेत.

पोराला आकडे पटत होते, पण मन मानत नव्हतं. मग त्यानं खरी गोष्ट सांगितली. त्याला कधीतरी परवानगी काढून कोल्हापुरात उडी मारायची होती, तपोवन मैदानावर, गावाच्या लोकांसमोर. म्हटलं, चांगली गोष्ट आहे, मग त्याचाही हिशोब करू. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच. उन्हाळ्यात दुपारी ३८ अंश धर. समुद्रसपाटीवरच्या १५ अंशाच्या प्रमाण हवेपेक्षा इथली हवा साधारण साडेतेरा टक्क्यांनी विरळ. म्हणजे तुझी २१० इथं १८२ असल्यासारखी पळणार. गावात नुसती उडी मारलीस तरी निम्मं डाउनसाइझ, म्हणजे लहान कॅनोपीवर जाणं, फुकटात झालं. दीडशे घेऊन आलास तर ती १३० सारखी पळेल. भोवतीनं इमारती, तारा, आणि नेमकं उतरायच्या वेळी मैदानात शिरणारी पोरं.

"पन्नास फुटांवर आहेस," मी विचारलं, "आणि समोर एक पोरगं आडवं आलं. काय करशील?"

"वळवीन की."

"कसा?"

त्यानं हवेत उजवा हात सपकन खाली ओढून दाखवला. ह्याच वळणानं माणसं जातात. आज स्कायडायव्हिंगमधल्या मरणांचा मोठा वाटा नीट उघडलेल्या, धडधाकट कॅनोपीखाली, जमिनीजवळ वळताना होतो. तिथं सायप्रेसचाही उपयोग नाही. ते यंत्र ठरावीक उंचीला आपोआप रिझर्व्ह उघडतं, बेशुद्ध पडून फ्री फॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट न उघडता, खाली येणाऱ्यासाठी. करायचं असतं ते सपाट वळण: दोन्ही ब्रेक थोडे ओढून, मग एका बाजूनं जरासं जास्त, म्हणजे कॅनोपी न कलता दिशा बदलते आणि उंची फारशी जात नाही. हे त्यानं दोनशे दहावर वर, उंचीवर असतानासुद्धा कधी करून बघितलं नव्हतं. आडव्या वाऱ्यात उतरणं नाही. मागच्या रायझरवर, म्हणजे खांद्यावरच्या मागच्या पट्ट्यांवर, फ्लेअर नाही. ब्रेक लाइन तुटली तर काय, हे कोर्समध्ये सांगितलेलं आठवत होतं, हाताला माहीत नव्हतं.

आमच्याकडं तालमीत वस्ताद जोड ठरवतो. पोरगं म्हणतं, मला मोठ्या पैलवानाशी लढवा, आणि वस्ताद त्याचे कान नि गुडघे बघून म्हणतो, आधी ह्या पोरालाच चीत कर. इथं वस्ताद कुणी नसतो. पैसे देऊन कॅनोपी विकत मिळते. त्यामुळं खरवडलेला कोपरा बघायचं काम रिगरच्या गळ्यात पडतं.

समजा, ह्यातलं काहीच नसतं, तरी मी ती दीडशे त्या कंटेनरात बसवली नसती. कंटेनर २१० च्या मापाचा. त्यात दीडशे टाकली की मेनचा भाग ढिला राहतो, बंद करायच्या लूपवर ताण येत नाही, आणि पिन आपोआप निसटून विमानाच्या दारातच कॅनोपी उघडू शकते. म्हणजे कंटेनर बदला, आणि कंटेनर लहान झाला की रिझर्व्हही लहान. हे पोरं विसरतात. रिझर्व्हखाली माणूस हात मोडलेला, कदाचित बेशुद्ध, अनोळखी शेतात उतरत असतो. तिथं चार फूट जास्त कापड असलेलं कुणाला नको असतं?

दीडशेच्या लाइन्सही मी मोजल्या. स्पेक्ट्रा नावाच्या धाग्याच्या होत्या. स्लायडर, म्हणजे उघडण्याचा वेग आवरणारा कापडाचा तुकडा, घासून खाली येताना उष्णता होते आणि ह्या लाइन्स आकसतात, बाहेरच्या आणि ब्रेकच्या जास्त. ब्रेक लाइन्स चांगल्याच आखूड झाल्या होत्या. पूर्ण वेगात उडतानाही कॅनोपीची शेपूट, म्हणजे मागची कड, ओढलेली राहणार. म्हणजे नवा लाइनसेट, आणि स्वस्ताई तिथंच संपली.

"मग नाहीच बसवणार?" पोरगा जरा चिडला होता.

"नाही. रिझर्व्ह करून देतो, दोनशे दहाची ब्रेक सेटिंग तपासून देतो."

"दुसरीकडनं बसवून घेईन."

"घे. मी नोंदीत मात्र लिहिणार, का बसवली नाही ते."

अण्णांनी हे ऐकलं आणि एकदम व्यवहारावर आले. "परत घेईल काय तो, ज्याच्याकडनं घेतलंस? नसंल घेत तर इकून टाक." मग माझ्याकडं वळून, "साहेब, ह्यो मोठ्यावर किती दिवस राहायचा?"

दिवस सांगता येत नाहीत, हे त्यांना पटवायला वेळ लागला. मागावरचं पोर किती दिवसांत तयार होतं, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं, ते मीच विचारून घेतलं. मग मी पोराला वहीत लिहून दिलं. सपाट वळण नव्वद अंशांचं, आधी हजार फुटांच्या बऱ्याच वर. फ्लेअर चालू असताना थोडीशी दिशा बदलणं. आडव्या वाऱ्यात आणि अजिबात वारा नसताना पायावर उतरणं. ठरवलेल्या जागी दहा मीटरच्या आत, तेही एखाद्या वेळी नव्हे, येईल त्या उडीला. मागच्या रायझरवर फ्लेअर, वर उंचीवर. आणि प्रत्येक उतरण्याचा व्हिडिओ. तोवर मापही बदलायचं नाही, चौकोनी सोडून निमुळतीही घ्यायची नाही. आणि कधी बदलायचंच झालं तर दोन्ही एकदम कधीच नाही.

रिझर्व्ह सील करून दिला. जाताना पोरानं पायात बूट घालताना उजव्या बुटाकडं एकदा बघितलं. मला वाटतं, तेवढं पुरेसं होतं, पण मी काही बोललो नाही.

दिवाळीनंतर त्याचे व्हिडिओ यायला लागले. सुरुवातीला रागानं एकेक, खाली काही न लिहिता. एका उडीत वारा पडलेला, तरी उभा उतरला. पुढच्यात पुन्हा हात गेला. मग मी त्याला कोपरं अंगालगत ठेवून, नजर पायाखाली न ठेवता दूर ठेवायला सांगितलं. माणूस जिकडं बघतो तिकडंच जातो आणि जमिनीकडं बघणारा आधी हात टाकतो. ते लागू पडलं. आडव्या वाऱ्यातलं त्याचं उतरणं आता माझ्या काही जुन्या मित्रांपेक्षा नीट आहे. रायझरचं अजून कच्चं.

दीडशे अण्णांनी विकली, तोटा फार झाला नाही म्हणतात. पुढच्या सीझनला १९० भाड्यानं घेऊन बघ, असं मी सांगितलंय, त्यावर तो राजी आहे. कॅनोपी सात सेलची, म्हणजे सात कप्प्यांची, घ्यायची की नऊ सेलची, ह्यावर मात्र फोनवर आमची जुंपलेली असते. त्याला नऊ हवीत. मी अजून हो म्हटलेलं नाही.