प्लाकेन्ता, खेप चौथी: पोटात अजूनही कच्ची

प्लाकेन्ता म्हणजे केटो या प्राचीन रोमन लेखकाने लिहून ठेवलेला, चीज आणि मधाचा थरांचा केक. वरून बदामी रंग, कडा खुसखुशीत, खालचा सोलम (तळाची पोळी) पानांवरून अलगद सुटलेला. सुरी घातली आणि मधले थर खळीसारखे लिबलिबीत! मागच्या तिन्ही खेपांना दोष विस्तवाला दिला होता. तो बिचारा निर्दोष आहे. घोळ चीजमधल्या पाण्याचा.

प्रमाण तेच, केटोच्या आठवा हिस्सा (रोमन पौंड 327 ग्रॅम धरून): चीज 572 ग्रॅम, मध 184, त्राक्तांसाठी (आतल्या थरांच्या पातळ पोळ्या) पीठ 164 आणि आलिका (भरड रवा) 82, सोलमसाठी पीठ 82. आठवा हिस्सा म्हणजे लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी निम्मी, म्हणून केक रचायच्या त्याच्या फूटभर फळीच्या जागी 15 सेंटिमीटर.

आता चीज. केटोला मेंढीचं, ताजं, आंबट नसलेलं हवं. ते पाण्यात भिजवायचं, पाणी तीनदा बदलायचं, मग हाताने थोडं थोडं करून कोरडं करायचं. त्यातलं ‘थोडं थोडं’ आपण आजवर गिळून टाकलं. सगळा गोळा फडक्यात बांधून वजनाखाली ठेवला की बाहेरचा थर दाबून घट्ट होतो आणि आतलं पाणी आतच कोंडतं. लिंबाएवढे गोळे घेऊन मुठीत पिळा. कागदावर दाबून ओला डाग उमटला तर पुन्हा पिळा. मग कुस्करून पिठाच्या चाळणीतून घासून काढा.

दुसरा चोर मध. तो चीजमधलं पाणी ओढून घेतो. कालवून अर्धा तास ठेवलं की मीठ लावलेल्या काकडीसारखं पाणी सुटतं, आणि या खेपेला नेमकं तेच झालं. त्राक्ता समोर रचून तयार असल्याशिवाय मधाच्या बाटलीला हात लावू नका.

पनीर सुचवणाऱ्यांसाठी एकदाच: आंबट घालून फाडलेलं पनीर मधात एकजीव होत नाही, भाजल्यावर रवाळ राहतं. रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या एन्झाइमने, जमवलेलंच हवं. खारवलेलं फेटा चीज चालतं, तीन पाण्यांत त्याचा खारटपणा बराच उतरतो. पण ‘फेटा’ म्हणून गाईच्या दुधाचंही सर्रास विकतात, डबा वाचून घ्या.

त्राक्ता मात्र पहिल्यांदाच मनासारख्या जमल्या. आलिका म्हणून खपलीचा रवा घेतला. रोमन लोकांचं ‘फार’ म्हणजे आपली खपलीच, त्यामुळे या बाबतीत युरोपातल्या मंडळींपेक्षा सांगली-साताऱ्याकडचे नशीबवान. रवा भिजवून, निथळून, खलात कुटून मग त्यात पीठ थोडं थोडं मळत जायचं. लाटलेल्या त्राक्ता केटो टोपलीत वाळवतो. पावसाळी हवेत त्या वाळत नाहीत, म्हणून मंद तव्यावर दोन्हीकडून कोरड्या केल्या. पापडासारखी कट्‌कन मोडली तर वाळली. वाकली तर ती चीजमधला ओलावा शोषून घेणार नाही.

तेस्तुम (केकवर पालथं घालायचं मातीचं झाकण) आधी रिकामंच तापवायचं, केटो स्पष्ट ‘गरम’ म्हणतो. थंड खापराच्या आतून वाफेचं पाणी होतं आणि टपटप वरच्या थरावर पडतं. 20 मिनिटं तापवून पालथ्या घातलेल्या मातीच्या कढईखाली हा त्रास झाला नाही. कढई कुंभाराकडची, साधी. ऑनलाइन मिळणारी चकचकीत रंगवलेली भांडी निखाऱ्यांखाली घालू नका. निखारे वर आणि भोवती, खाली तापलेली चूल फक्त झाडून घ्यायची. गोव्यात बेबिंकाला वरून निखाऱ्यांची धग देतात, तोच हिशोब. उघडून पाहायचं दोन-तीनदाच.

जाता जाता: खाली पसरायची पानं लॉरेलची (युरोपातलं ‘बे लीफ’) हवीत. आपल्या तमालपत्राला देठापासून निघालेल्या तीन उभ्या शिरा असतात, लॉरेलला मधोमध एकच आणि तिला आडवे फाटे. तमालपत्राने सोलमला दालचिनीचा वास लागतो.

पुढची खेप पुन्हा प्लाकेन्ताचीच ठरली होती. पण लिहिता लिहिता वाटतंय, आधी साविल्लुम, म्हणजे केटोचाच चीज-मधाचा दुसरा गोड पदार्थ, करावं. त्यात थरच नाहीत, त्यामुळे चीज आणि धग या दोघांचीच परीक्षा होईल. शिवाय त्याच्या कृतीत केटो स्वतः बजावतो की मधला भाग, जिथे सर्वांत खोल आहे तिथे, नीट शिजवा. म्हणजे हे दुखणं त्यालाही ठाऊक होतं! निम्मं प्रमाण: पीठ 82 ग्रॅम, चीज 409, मध 41, फेटलेलं अर्धं अंडं. तेल लावलेल्या मातीच्या थाळीत, तेस्तुमखाली. शिजल्यावर खसखस भुरभुरून पुन्हा थोडा वेळ झाकायचं, आणि थाळीतूनच चमच्याने खायचं. सुरी लागणार नाही.