तुम्ही विचारलंत म्हणून: बॉण्डचं गाणं ठरतं कसं?

बॉण्डपटांच्या संगीताचं मला वेड आहे हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "ती सुरुवातीची गाणी ठरतात कशी? चलती असलेला गायक गाठायचा आणि त्याच्याकडून सिनेमाचं नाव गाऊन घ्यायचं, एवढंच ना?"

पुष्कळदा एवढंच असतं. कोणाला घ्यायचं ते निर्माते ठरवतात, त्यात स्टुडिओचा आणि रेकॉर्ड कंपनीचाही शब्द चालतो. कधी एकाच सिनेमासाठी अनेकांकडून गाणी येतात आणि एक सोडून बाकीची बाजूला पडतात. या सगळ्यात पार्श्वसंगीत करणाऱ्याला काय वाटतं, ते पहिल्यांदा विचारलं जायला हवं. माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

आधी त्या 'बॉण्डपणा'बद्दल. १९६२च्या 'डॉक्टर नो'साठी माँटी नॉर्मनने बॉण्डची ओळखीची धून रचली, जॉन बॅरीने तिची वाद्यरचना केली आणि विक फ्लिकने ती गिटारवर वाजवली. तिच्याखाली जे चालतं ते पेटीवर वाजवून बघा. सा आणि कोमल गंधार दाबून धरा आणि वरच्या बोटाने पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत, पुन्हा कोमल धैवत असं सावकाश फिरत राहा. दोन सूर जागचे हलत नाहीत, तिसरा दबक्या पावलांनी वर जाऊन परत येतो. पुढच्या कितीतरी गाण्यांनी ही चाल वेगवेगळ्या वेषात वापरली आहे.

दोन वर्षांनी 'गोल्डफिंगर' आला. गाणं बॅरीचंच, आवाज शर्ली बॅसीचा. निर्माते हॅरी सॉल्ट्झमन यांना ते मुळीच आवडलं नव्हतं, तरी ते राहिलं, आणि बरं झालं राहिलं. गाण्याची सुरावट सिनेमाभर फिरते. खलनायकाची सावली पडली की ब्रासमधून, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांमधून, ती डोकावते. गाणं आणि पार्श्वसंगीत एकाच हातचं असलं की हे साधतं.

गाणं ऐन वेळी बदललं की काय होतं ते 'थंडरबॉल'मध्ये ऐकू येतं. १९६५ साली बॅरीला हे नाव गाण्यात बसवणं अवघड वाटलं, म्हणून त्याने 'मिस्टर किस किस बँग बँग' नावाचं गाणं केलं. आधी शर्ली बॅसीच्या आणि मग डिऑन वॉरविकच्या आवाजात ते ध्वनिमुद्रितही झालं. पण सिनेमाचं नाव गाण्यात हवंच, असा स्टुडिओचा आग्रह पडला. मग बॅरी आणि गीतकार डॉन ब्लॅक यांनी घाईघाईने नवं गाणं केलं आणि टॉम जोन्सने ते गायलं. शेवटचा सूर त्याने इतका ताणला की त्याला भोवळ आली. गाणं दणदणीतच आहे. पण नासाऊमधल्या क्लबच्या प्रसंगात नीट कान द्या: तिथे जुन्या, काढून टाकलेल्या गाण्याची धून वाजते आहे. पार्श्वसंगीताचं बरंचसं काम तिच्यावरच झालं होतं.

तब्बल ३२ वर्षांनी तेच घडलं. 'टुमॉरो नेव्हर डाइज'साठी त्याचं पार्श्वसंगीत करणाऱ्या डेव्हिड अर्नोल्डने डॉन ब्लॅकचे शब्द घेऊन गाणं केलं, के. डी. लँगने ते जीव ओतून गायलं. पण सुरुवातीला शेरिल क्रोचं गाणं लागलं आणि अर्नोल्डचं, 'सरेंडर' असं नाव घेऊन, शेवटच्या श्रेयनामावलीत गेलं. आता गंमत बघा: सिनेमाभर धून वाजते ती 'सरेंडर'ची. प्रेक्षकाने ज्या सुरांची ओळख सुरुवातीला करून घ्यायची, ते त्याला खुर्चीतून उठताना भेटतात. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो.

२००६च्या 'कसिनो रोयाल'मध्ये मात्र अर्नोल्डला हवं ते मिळालं. गाणं त्याने ख्रिस कॉर्नेलबरोबर लिहिलं. शब्दांत सिनेमाचं नाव नाहीच, पण धून मात्र पदोपदी आहे. हा बॉण्ड अजून घडतोय, म्हणून बॉण्डची मूळ धून पूर्ण रूपात अर्नोल्डने अगदी शेवटापर्यंत राखून ठेवली आणि तोवर सगळा भार या गाण्याच्या सुरावटीवर टाकला. असा विचार बाहेरून आयत्या आलेल्या गाण्यावर करता येत नाही.

यावर हमखास उत्तर येतं की ऑस्कर तर बाहेरच्यांनीच आणलं. खरं आहे. अडेल आणि पॉल एपवर्थ यांचं 'स्कायफॉल' हे ऑस्कर मिळवणारं पहिलं बॉण्डगीत. त्यानंतर सॅम स्मिथ आणि बिली आयलिश यांच्या गाण्यांनाही ते मिळालं. पण आयलिशच्या गाण्याच्या वाद्यवृंदात हान्स झिमरचा हात होता आणि सिनेमाचं पार्श्वसंगीतही त्याचंच, त्यामुळे ती धून कथेत मुरली. 'स्कायफॉल'चं पार्श्वसंगीत थॉमस न्यूमनचं. बॉण्ड मकाऊच्या कसिनोकडे नावेतून जातो तेव्हा अडेलच्या गाण्याची चाल तिथे काय सुंदर उमलते! एवढी समृद्ध चाल हाताशी असताना ती सिनेमाभर का खेळवली नाही, याची मला अजून चुटपुट लागते.