तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या सासऱ्यांना आमचे देव कसे चालले?

साताऱ्याला माहेरी गेले की हा प्रश्न हमखास येतो. इकडे न्यूयॉर्कच्या मराठी मंडळींतही येतो. "तुझे सासरे हैतीचे, त्यातून एवढे देवभोळे कॅथलिक. मग तुझा देव्हारा त्यांना कसा चालला?" कुणी आवाज बारीक करून पुढे विचारतं, "हैती म्हणजे तिथे ते वूडू असतं ना?" दोन्हींचं उत्तर पापांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, बालपणात आहे, म्हणून तिथूनच सांगते.

हैती हा कॅरिबियन समुद्रातल्या बेटावरचा देश. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर जाकमेल नावाचं बंदर आहे, कॉफीच्या व्यापारावर एके काळी भरभराटलेलं. त्या बंदराच्या मागच्या डोंगरात १९३४ साली पापा जन्मले. घर कॅथलिक. त्यांची आजी दर रविवारी चर्चला जायची आणि परत आल्यावर अंगणातल्या झाडाखाली पितरांसाठी पाणीही ओतायची. वूडू म्हणजे सिनेमात दाखवतात त्या टाचण्या टोचलेल्या बाहुल्या नव्हेत. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी आपली दैवतं, आपले पितर, ढोल, झाडपाल्याची औषधं मनात धरून ठेवली. मालकांनी लादलेले संतही हळूहळू त्यांत मिसळले, आणि त्यातून तो धर्म उभा राहिला. हैतीतल्या कित्येक घरांत तो आणि चर्च एकाच माणसात नांदतात. आजीचंही तसंच होतं.

१९४१-४२ मध्ये हैतीत चर्चनं सरकारच्या पाठबळावर ‘अंधश्रद्धेविरुद्ध’ मोहीम काढली. गावोगाव लोकांकडून वूडू सोडल्याची शपथ घेतली गेली. ढोल जाळले. मापू नावाची आपल्या सावरीच्या कुळातली प्रचंड झाडं, ज्यांच्यात देवांचा वास मानत, ती तोडली. पापा तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. आजीचा ढोल, तिच्या वडिलांनी कोरलेला, त्यांच्या डोळ्यांदेखत अंगणात जळला. आजीनं शपथ घेतली, मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणंही चालू ठेवलं. पण त्या झाडाखाली ती पुन्हा कधी गेली नाही.

हे त्यांनी मला कधी सांगितलं, तर लग्नानंतर मी ब्रुकलिनच्या त्यांच्या घरी राहायला आले तेव्हा. माझ्या सामानात माझ्या आजीनं दिलेला पितळी बाळकृष्ण होता. तो कुठे ठेवावा या विचारात मी उभी होते. पापांनी विचारलं, "हा कुणाचा?" मी म्हटलं, "आजीचा." ते खुर्चीत बसले आणि ढोलाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मग म्हणाले, "जाळणारे माझ्याच देवाचं नाव घेत होते. तुझ्या आजीच्या वस्तूला या घरात कुणी हात लावणार नाही." बाळकृष्णासाठी फळी त्यांनी स्वतः ठोकली.

ऐकणाऱ्यांना इथे वाटतं, म्हणजे ते सगळे देव एकच मानणारे होते. तसं मुळीच नव्हतं. त्यांच्या लेखी खरा देव एकच होता आणि तो येशूच्या रूपानं आला होता. त्यात तडजोड नाही. सकाळी अंधारात उठून गुडघ्यावर बसायचं, जपमाळ पुरी करायची, मग कॉफी. पुढचा कुठलाही बेत बोलताना "सी बोन्द्ये व्ले", देवाची इच्छा असेल तर, हे आधी यायचं. एवढी घट्ट श्रद्धा असून दुसऱ्याच्या देव्हाऱ्याला फळी ठोकून देणं मला सगळे देव सारखे म्हणण्यापेक्षा अवघड वाटतं. सारखेच म्हटले की आपल्याला काही द्यावंच लागत नाही.

पापांनी १९६९ साली देश सोडला. फ्रांस्वा दुव्हालिएची हुकूमशाही होती. त्याच्या तोंतों माकूत टोळ्या माणसं उचलून नेत आणि ती परत येत नसत. त्या काळाबद्दल ते फारसं बोलले नाहीत, मीही खोदून विचारलं नाही. न्यूयॉर्कमध्ये ते एका रुग्णालयात वॉर्डबॉय म्हणून लागले आणि निवृत्तीपर्यंत बहुतेक रात्रपाळीच केली. सासूबाई आणि मुलं काही वर्षांनी आली. पगारातला एक वाटा दर महिन्याला जाकमेलला जायचा, आणि अधूनमधून तांदूळ, तेल, साबण, कपडे, बूट ठासून भरलेलं मोठं पिंप जहाजानं जायचं. तळाशी काय आणि वर काय, हे फक्त त्यांनाच जमायचं.

१९९० मध्ये अमेरिकी सरकारनं एड्सचं कारण पुढे करून हैतीच्या लोकांचं रक्त घेऊ नये असं धोरण आणलं. एकेका माणसाची तपासणी नाही, सरसकट देशावर शिक्का. पापा रोज रक्ताच्या पिशव्या एका मजल्यावरून दुसऱ्यावर पोचवत होते. २० एप्रिलला हजारो हैतीयन ब्रुकलिन ब्रिज ओलांडून मॅनहॅटनला चालत गेले. रात्रपाळी करून न झोपता पापाही गेले, रविवारचा सूट घालून. माझा नवरा तेव्हा शाळकरी होता, त्यालाही नेलं. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारला ते धोरण मागे घ्यावं लागलं. आपल्या वडिलांना चर्चबाहेर मोठ्यानं बोलताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, असं तो सांगतो.

माझ्या मुलांना विचारलंत तर ती मात्र १६ जुलैबद्दल सांगतील. तो माउंट कार्मेलच्या मारियेचा, म्हणजे येशूच्या आईचा, दिवस. हैतीत सो-दो इथल्या धबधब्यावर त्या दिवशी मोठी यात्रा भरते. कुणी मारियेसाठी येतं, कुणी वूडूतल्या एझिली देवीसाठी, पुष्कळ जण दोघींसाठी. न्यूयॉर्कच्या हैतीयनांसाठी ती यात्रा पूर्व हार्लेममध्ये ११५व्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये होते. इटलीहून आलेल्या गरिबांनी एकोणिसाव्या शतकात उभं केलेलं ते चर्च, आता त्या यात्रेला तिथे हैतीच्या क्रेओल भाषेतही मिस्सा होते. पापा नातवंडांना घेऊन पहाटे भुयारी रेल्वेनं निघायचे. मीही जायचे. जुलैतला उकाडा, हातात मेणबत्त्या, काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्या, ओळखदेख नसताना एकमेकांना पाणी देणारे लोक. आषाढी बहुधा त्याच सुमाराला येते, आणि मला तिथे वारीतच असल्यासारखं वाटायचं. धबधब्याला कोण कोणासाठी येतं, हे पापांनी मुलांना काही न लपवता सांगितलं होतं. आजीच्या ढोलासकट.

१ जानेवारीला हैती स्वतंत्र झाला, १८०४ मध्ये; गुलामांनी लढून मिळवलेलं ते स्वातंत्र्य. त्या दिवशी घरोघरी सूप जुमू, म्हणजे लाल भोपळ्याचं सूप होतं. मालकांच्या ताटातलं हे सूप गुलामांना वर्ज्य होतं, असं सांगतात. आमच्याकडे पापा स्वतः करायचे, आणि माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात, गोमांस न घालता. मला कधी आठवण करून द्यावी लागली नाही.

१२ जानेवारी २०१०ला भूकंप झाला. राजधानीचं कॅथेड्रल कोसळलं, आर्चबिशप गेले, जाकमेलचीही पडझड झाली. पापांची धाकटी बहीण त्यात गेली. माझ्या मोठ्या मुलानं त्यांना सरळ विचारलं, "ग्रांपापा, देवानं असं का केलं?" ते म्हणाले, "मला माहीत नाही." दुसऱ्या दिवशी पहाटे ते नेहमीसारखे गुडघ्यावर होते. जपाला नेहमीपेक्षा वेळ लागला, कारण नावं वाढली होती.

एकाच गोष्टीवरून आमचं जुळलं नाही. नातवंडांचा बाप्तिस्मा व्हावा ही त्यांची फार इच्छा होती. त्यांनी मला विचारलं, मी नाही म्हणाले. मोठी होऊन ती ठरवतील. त्यांना वाईट वाटलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. पण तो विषय माझ्या पाठीमागे मुलांकडे काढला नाही. मुलीनं पुढे स्वतःहून बाप्तिस्मा घेतला, मुलानं नाही घेतला. १६ जुलैला दोघंही त्यांच्याबरोबर जात राहिली.

माझे वडील गेले तेव्हा पापांनी त्यांचं नाव नीट लिहून घेतलं आणि आपल्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा सांगितली. पुढे पापा आजारी पडले, तर आईनं साताऱ्यात महादेवाला अभिषेक सांगितला. संकल्पाला गुरुजींनी गोत्र विचारलं. आई म्हणाली, माहीत नाही. ज्याचं गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप, असं म्हणून गुरुजींनी तेच घातलं. मी फोनवर हे पापांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी आईचे आभार मानले, मग विचारलं, "हे कश्यप कोण?" मला येत होतं तेवढं सांगितलं, आणि राहिलेलं आईला विचारून दुसऱ्या दिवशी सांगितलं.