पुढच्या बंकवरचा थेंब
मागच्या नोंदीत मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते की, आम्ही राहतो त्या लाकडी नौकेच्या डेकच्या डाव्या बाजूच्या चार फटी उकरून त्यांत नव्याने कापूस आणि डांबरी ताग ठोकला की मुलीच्या बंकवर (झोपायच्या फळीवर) टपकणारे पाणी थांबेल. ते थांबले नाही. गेल्या मंगळवारी रात्री आभाळ निरभ्र होते, पारा उणे सातवर होता, डेक ठणठणीत कोरडा होता, आणि तरीही पहाटे तिची उशी भिजलेली निघाली. तीन आठवडे मी निरपराध फटींना शिक्षा देत होतो.

खरे तर पुरावा आधीच हाती आला होता. डेकवर हळदीचे पाणी ओतले तेव्हा खाली स्वच्छ थेंब पडला. हळद पाण्यात विरघळत नाही, ती कापसात गाळली गेली असेल, अशी स्वतःची समजूत घालून मी बिटाचा रस ओतला. थेंब पुन्हा स्वच्छच (डेकवरचा डाग मात्र अजून गेलेला नाही). चव अळणी होती, म्हणजे ते लाटांचे पाणीही नव्हते. पण वर्षाकाठी दोन मीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या नॉर्वेतल्या बर्गनच्या बंदरात राहिले की प्रत्येक ओलीचा आळ पावसावरच जातो.

चोर निघाला तो क्लीटचा, म्हणजे डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीचा बोल्ट. डेकमधून आरपार गेलेल्या या लोखंडी बोल्टचे डोके गोठत्या हवेत असते आणि नट उबदार केबिनमध्ये. भोवतीचे पाइनचे लाकूड थंडी अडवते, लोखंड ती सरळ आत आणते. मग चौघांचे श्वास, वाळत घातलेले मोजे आणि कुकरच्या शिट्ट्या यांची सगळी वाफ नेमकी त्या नटवर धरते, तुळईच्या कडेने हातभर ओघळते आणि उशीवर टपकते. आमचा तेलावर चालणारा रेफ्लेक्स हीटर यात निर्दोष आहे, कारण त्याची वाफ धुराड्यातून बाहेर जाते. धुराडे नसलेला रॉकेलचा स्टोव्ह मात्र एका लिटरमागे लिटरभराहून अधिक पाणी केबिनमध्येच सोडतो. तो घेऊ नये. फटींसाठी दुकानदाराने गळ्यात मारलेली फटी बुजवायची महागडी पॉलियुरेथेन पेस्टही घेऊ नये. थंडीत ती नळीबाहेर यायलाच तयार नव्हती. त्यापेक्षा डांबर बरे, गरम केले की वाहते आणि चुकले की उकरता येते.

आमची नौका ज्या कॉलिन आर्चर या जहाजबांधणी करणाऱ्याच्या पद्धतीची आहे, त्यानेच ध्रुवीय संशोधक नान्सेनसाठी बांधलेले ‘फ्राम’ हे जहाज १८९२ साली लार्विकला पाण्यात उतरले. आधीच्या ध्रुवीय जहाजांत भिंतींवर धरलेले दव अंथरुणांत उतरत असे, म्हणून फ्रामच्या केबिनला नमदा, बूच, लिनोलियम आणि लाकूड असे एकावर एक थर दिले होते आणि छतात रेनडियरचे केसही भरले होते. हे आठवल्यावर संपूर्ण डेकवर इपॉक्सी चढवण्याचा बेत मी रद्द केला आणि फ्रामप्रमाणेच छताला बूच लावून त्यावर लिनोलियम हवाबंद बसवायचे ठरवले. मात्र हे लिहिताना वाटते की, तेही तसेच्या तसे करू नये. खाऱ्या पाण्यात लाकूड टिकते, पावसाच्या गोड्या पाण्याने कुजते, आणि हवाबंद थरामागची गळती तर दिसणारही नाही. तेव्हा तुळयांच्या मधे फक्त बुचाचे पत्रे, तेही स्क्रूवर, म्हणजे वसंतात काढून मागचे लाकूड तपासता येईल. हवा खेळावी म्हणून गादीखाली पट्ट्यांची जाळी हवीच, हेही आता पक्के.

दरम्यान मुलीने वाइनच्या बाटलीचे बूच कोरून त्या नटवर टोपीसारखे बसवले. चार रात्री झाल्या, उशी कोरडी आहे. केबिनमध्ये असे आणखी अकरा नट उघडे आहेत आणि बुचे सातच उरली आहेत.