जुन्या साच्यातली नवी कार्निव्हल ग्लास: ओहायो नदीकाठचा रोडट्रिप

अमेरिकेतल्या पिट्सबर्गहून आम्ही दोघं खास कार्निव्हल ग्लास, म्हणजे साच्यात दाबून केलेली, मोरपंखी झळाळीची नक्षीदार काच, शोधायला व्हीलिंग, बेलेअर, केंब्रिज (ओहायोतलं) आणि विल्यम्सटाउन असं फिरून आलो, कोणी जाणार असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितेय. मी गोळा करते ती १९१० च्या आसपासची मूळ काच नाही, तर त्याच जुन्या लोखंडी साच्यांतून १९६०-७० नंतर पुन्हा काढलेली. रिप्रॉडक्शन म्हणून लोक नाकं मुरडतात, मला ते अजिबात पटत नाही, साचा कोरणाऱ्याचं काम दोन्हीत तेच आहे आणि नव्यात रंग कितीतरी जास्त मिळतात.

सुरुवात व्हीलिंगच्या ओगलबे पार्कमधल्या ग्लास म्युझियमपासून करा. जुनी कार्निव्हल ग्लास बनवणाऱ्या नॉर्थवूड कंपनीचा कारखाना याच गावात होता, आधी जुनी काच नीट बघून घेतली की मग दुकानात डोळा चालतो. बेलेअर तिथून जवळच, तिथे इम्पीरियल या काच कंपनीचं म्युझियम आहे, पण आठवड्यातले मोजकेच दिवस उघडं असतं आणि थंडीत बंद, तेव्हा फोन करूनच निघा.

इम्पीरियलची खूण ओळखायला सगळ्यात सोपी. १९५१ पासून बुडाला आयजी (इम्पीरियल ग्लास), १९७३ ला लेनॉक्सने कंपनी घेतल्यावर त्याच्या आधी एल लागला, १९८१ मध्ये मालक बदलल्यावर त्याच्याही आधी ए. म्हणजे साचा तोच, मालक बदलला की एक अक्षर वाढलं! बोट फिरवलं तरी कळतं.

केंब्रिजला मॉसर या काच कंपनीचा कारखाना चालू आहे, टूर फक्त वर्किंग डेजना, आणि ही मात्र चुकवू नकाच. सळईच्या टोकावर लालबुंद गोळा येतो, प्रेसवाला कात्रीने नेमका तेवढाच तुकडा साच्यात पाडतो, लिव्हर ओढतो, साचा उघडला की नक्षीसकट वाटी बाहेर. कार्निव्हल करायची असेल तर काच गरम असतानाच धातूच्या क्षारांचा फवारा मारतात, त्यानेच ती मोराच्या मानेसारखी झळाळी येते. पायात बंद बूट घाला, आत चांगलंच गरम होतं.

विल्यम्सटाउनला फेन्टन या काच कंपनीची भट्टी २०११ लाच बंद झाली, त्यामुळे तिथे काच बनताना दिसणार नाही, पण नदीपलीकडच्या मॅरिएटात आणि त्या पट्ट्यातल्या अँटिक मॉल्समध्ये फेन्टन भरपूर. जुन्या फेन्टनवर साच्यातली खूण नसायची, १९७० पासूनच्या कार्निव्हलवर लंबगोलात नाव असतं, खाली ८ म्हणजे ऐंशीचं दशक, ९ म्हणजे नव्वदचं. नुसता वळणदार एफ दिसला तर तो साचा फेन्टनने दुसऱ्या कंपनीकडून घेतलेला, मी असेच पीस शोधत असते.

दुकानदाराच्या चिठ्ठीवर जाऊ नका, टॉर्च लावून बूड स्वतः बघा. नॉर्थवूडचा गोलातला एन दिसला आणि त्याला एक जादा रेघ असली तर तो बहुतेक एल. जी. राइट या कंपनीचा नवा माल, जुन्याचे पैसे मोजू नका.

घरी आणल्यावर डिशवॉशरमध्ये कधीच घालू नका, झळाळी उतरते, कोमट पाणी आणि मऊ फडकं बास. उन्हात तापलेल्या गाडीतून काढून लगेच गार पाण्याखाली धरली तर तडकू शकते. भारतात नेणार असाल तर केबिन बॅगेतच ठेवा, एकात एक बसणाऱ्या वाट्यांच्या मध्ये जुना टॉवेल घालून.