गाडी कोण ओढतं?

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की निपाणी-चिकोडी रस्त्याला मोटारसायकल दमानंच चालवावी लागते. पुढं टायरगाडी, तिच्यावर बेताबाहेर रचलेल्या मोळ्या, मागं लोंबणारे वाडे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. गाडीच्या पुढं जायला जागा नसली की आपण बैलांचे पाय बघत राहतो. आणि मला नववीतल्या भाच्याचा प्रश्न आठवतो.

"मामा, बैल गाडीला जेवढं ओढतो तेवढंच गाडी बैलाला मागं ओढती म्हणं. मग गाडी हलतीच कशी?"

प्रश्न खुळचट अजिबात नाही. न्यूटननं १६८७ साली 'प्रिन्सिपिया' ग्रंथात गतीचा हा तिसरा नियम मांडला, तेव्हा खाली उदाहरण दिलं ते असलंच: दोरानं बांधलेला दगड घोडा ओढतो, तेव्हा घोडाही दगडाकडं तितकाच मागं ओढला जातो. (आमच्या भागातला असता तर त्यानं खिलारी जोडी घेतली असती.)

घोळ होतो तो वजाबाकीत. बैलाची ओढ गाडीवर असते, गाडीची ओढ बैलावर. शेजाऱ्याच्या खात्यातली उधारी आपल्या शिलकीतून कापत नाहीत, तसंच हे. गाडी हलणार का, हे बघायला फक्त गाडीपुरतं बघायचं: जू पुढं ओढतंय, चाकं अडवतायत. ओढ वरचढ झाली की गाडी निघाली.

मग बैल? त्याला तर गाडी मागं खेचतेच आहे. तो खुरांनी रस्ता मागं रेटतो आणि रस्ता त्याला पुढं रेटतो. बैल आणि गाडी मिळून एकच धरलं, तर बाहेरून पुढं लोटणारा एकटा रस्ता उरतो. चढाला पत्री (खुराची नाल) झिजलेल्या बैलाचा पाय डांबरावर कसा सरकतो ते बघा. मान ताठ, पाठीची शीर न् शीर दिसतेय, अंगात ताकद तेवढीच. पण खाली पकड नाही, म्हणून गाडी जागची हलत नाही. अशा वेळी मोळ्यांवर बसून "हाल्या, हाल्या" ओरडणाऱ्यानं ओरडावंच, भौतिकशास्त्राची हरकत नाही. गाडी हलते ती तो खाली उतरून, पाय रोवून चाकाला हात घालतो तेव्हा.

उताराला सगळा मामला उलटा. गाडीवान म्हणतात, "गाडी अंगावर येती." संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. उसासकट दोन टनांची गाडी ताशी ३.६ किलोमीटरनं, म्हणजे रमतगमत चालली असली, तरी तिचा संवेग माझ्यासकट २०० किलोची मोटारसायकल ताशी ३६ किलोमीटरनं पळवावी तेवढा भरतो. तो आवरायचा म्हणजे बैलांनी मागं रेलायचं आणि गाडीवानानं ब्रेक दाबायचा. आता गाडी बैलांना पुढं ढकलते, बैल तिला तेवढंच मागं. नियम तोच, दिशा तेवढी फिरली.

भाच्याला एवढं पटलं. मग त्यानं विचारलं, बैल रस्ता मागं रेटतो तर पृथ्वी मागं जाते का? जाते की! पण तिचं वस्तुमान सहावर चोवीस शून्यं इतके किलो. त्यामुळं तिला मिळणारा वेग सेकंदाला मीटरमध्ये लिहायचा तर दशांश चिन्हापुढं एकवीस शून्यं मांडून मगच आकडा येतो. आणि कारखान्याच्या काट्यावर गाडी थांबली की पृथ्वीचा तेवढाही हिशेब फिटतो. उसाचा कधी फिटेल, ते बिल आल्यावर.